हार आणि हिशेब

मराठी वर्तमानपत्रांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची नावं येतात तेव्हा त्यांना एक बिरुद हमखास चिकटलेलं असतं: ज्येष्ठ समाजसेवक. बिरुद लावणाऱ्याच्या मनात आदरच असतो. 2003 साली महाराष्ट्र भूषण मिळाला, 2018 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपणही त्याच आदराने टाळ्या वाजवल्या. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक कितीतरी मराठी घरांतल्या कपाटात आहे. पण जगभरच्या सार्वजनिक आरोग्याच्या वर्गांत गडचिरोलीचं नाव ज्या कामामुळे पोचलं, ते काम त्या कपाटात नाही. ते 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाच्या 1989, 1990 आणि 1999 सालच्या अंकांत आहे. तीन शोधनिबंध, आणि तिन्ही मिळून वीस पानंही भरत नाहीत. तिन्हींमध्ये संसर्गाचा वाटा मोठा आहे: बायकांच्या जननमार्गाचा, लहान मुलांच्या फुप्फुसांचा, नवजात बाळांच्या रक्ताचा.

ही वीस पानं न उघडता आपण ती लिहिणाऱ्यांना हार घालत आलो. यात नुसता आळस असता तर तक्रार नव्हती. मला त्यात सोय दिसते. सेवेपुढे हात जोडले की पाहणाऱ्याचं काम संपतं. पुराव्यापुढे नुसते हात जोडून भागत नाही. तो तपासावा लागतो, खोटा निघाला तर खोडावा लागतो आणि खरा निघाला तर त्याप्रमाणे वागावं लागतं. शिवाय माणूस एकदा थोर ठरला की त्याचं काम 'ते त्यांनाच जमतं बुवा' या खात्यात टाकता येतं. संशोधनाला ही पळवाट नसते. ते छापलं जातं ते याचसाठी की दुसऱ्या कुणालाही, दुसऱ्या कुठल्याही तालुक्यात, ते करून पाहता यावं. म्हणून समाजसेवक हा शब्द मला या कामाचा गौरव वाटत नाही. त्यातून आपण आपली सुटका करून घेतली आहे.

बंग दांपत्याने नाव ठेवताना ही गफलत केली नव्हती. नागपूरचं वैद्यकीय शिक्षण आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातलं सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण आटोपून ते 1986 साली गडचिरोलीत आले, तेव्हा चंद्रपूरपासून वेगळा होऊन या जिल्ह्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. त्यांच्या संस्थेचं नाव 'सर्च' आणि तिच्या आवाराचं नाव 'शोधग्राम'. दोन्ही नावांत शोध आहे.

आधी न्यूमोनियाचं काम पाहू, कारण शोध म्हणजे काय ते तिथे स्वच्छ दिसतं. विदर्भात लहान मुलाला धाप लागून पोट उडायला लागलं की 'डब्बा' झाला म्हणतात. ऐंशीच्या दशकात या आजाराबद्दल वैद्यकाला काही नवं शोधायचं उरलं नव्हतं. जंतू माहीत होते. कोट्रायमॉक्साझोलसारखं स्वस्त औषध हाताशी होतं. फ्रँक शान यांनी पापुआ न्यू गिनीत काम करताना दाखवून दिलं होतं की निदानाला क्ष-किरण लागत नाही, स्टेथोस्कोपही लागत नाही; मुलाचे श्वास मोजले तरी पुरतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास घेत असेल, त्याहून मोठं पण वर्षाच्या आतलं 50 किंवा अधिक, तर न्यूमोनिया धरून औषध सुरू करायचं. मुलं मात्र मरतच होती. औषध आणि मूल यांच्यामध्ये नदीनाले होते, बुडणारी मजुरी होती, आणि औषध डॉक्टरनेच द्यायचं हा नियम होता.

बंगांनी प्रश्न विचारला तो या मधल्या जागेबद्दल. गावातली सुईण, थोडंफार शिकलेला आरोग्य कार्यकर्ता आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांनी हे निदान केलं आणि औषध दिलं, तर गावातले बालमृत्यू कमी होतात का? प्रश्न अवघड असतो तो त्यातल्या 'तर' मुळे. औषध दिलं, मूल जगलं, आईने आशीर्वाद दिला. सेवेच्या वहीत ही नोंद पुरेशी आहे. संशोधनाच्या वहीत तिची किंमत शून्य, कारण ते मूल औषधाविनाही जगलं असतं कशावरून? त्याचं उत्तर हवं तर जिथे औषध दिलं नाही तिथली मुलंही त्याच काटेकोरपणे मोजावी लागतात. म्हणून 58 गावांत काम झालं आणि शेजारची 44 गावं तुलनेसाठी धरली गेली. एकीकडे पाच वर्षांच्या आतली 6176 मुलं, दुसरीकडे 3947.

मध्येच एक अडचण उभी राहिली. पुष्कळ सुइणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. यावर आपल्याकडचा नेहमीचा उपाय म्हणजे साक्षरतेचा वर्ग किंवा सुईण बाद करणं. बंगांनी सुईण होती तशी ठेवली आणि मोजण्याची रीत बदलली. मिनिटभराची वाळूची घटिका आणि तिच्यालगत मण्यांची रांग, असं एक यंत्र त्यांनी केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या लाल मण्याची पाळी आली, तर औषध द्यायचं. या श्वासमापकाचं वर्णन पुढे 1992 साली एका भारतीय बालरोग नियतकालिकात छापून आलं. लोक त्याच्या साधेपणाचं कौतुक करतात. मला त्यातला हट्ट मोलाचा वाटतो. काम अडलं तर दोष सुईणीच्या अकलेत न शोधता आपल्या साधनात शोधायचा, हा तो हट्ट.

1990 च्या निबंधातला निष्कर्ष असा. कामाच्या गावांत न्यूमोनियाच्या 612 आजारपणांवर उपचार झाले आणि त्यांत दगावण्याचं प्रमाण 0.8 टक्के होतं. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांत तेच प्रमाण 13.5 टक्के होतं. भाषणात सांगायला हे आकडे फार सोयीचे आहेत, पण निबंध तिथे थांबत नाही आणि वाचणाऱ्यानेही थांबू नये. ज्या गावात कार्यकर्ता घरोघरी जाऊन आजारी मूल हुडकतो, तिथे सौम्य आजारही नोंदले जातात आणि दगावण्याचं प्रमाण आपोआप खाली येतं. खरी कसोटी गावातल्या सगळ्या मुलांमागे किती दगावली ही. तिथे आकडे असे: वर्षभरानंतर पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने झालेले मृत्यू कामाच्या गावांत 8.1, तुलनेच्या गावांत 17.5. तरीही शंका उरते. न्यूमोनियातून वाचलेलं अशक्त मूल पुढच्या महिन्यात हगवणीने गेलं असेल तर? म्हणून सर्व कारणांचे मृत्यूही मोजले होते: 28.5 आणि 40.7. वाचलेली मुलं खरोखर वाचली होती. औषधाचा खर्च निघाला वाचलेल्या मुलामागे तीन डॉलरपेक्षाही कमी.

मला इथे संशोधकाचं शील दिसतं. प्रत्येक आकड्यावर स्वतःच शंका घ्यायची आणि तिला उत्तर देणारा पुढचा आकडा आधीच गोळा करून ठेवायचा. कनवाळू माणसाला हे सुचेलच असं नाही. उलट, कनवाळूपणाला घाई असते.

त्याच्या आदल्या वर्षीचा, 1989 सालचा निबंध राणी बंग यांच्या पुढाकाराचा आहे, आणि त्याचा धडा वेगळा. दोन गावांतल्या 650 बायकांची त्यांनी तपासणी केली. तक्रार असलेल्यांची आणि नसलेल्यांचीही. 92 टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग निघाला. सरासरी काढली तर एका बाईमागे 3.6 आजार, आणि त्या आजारांत जवळपास निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गाचा. याआधी कधी तरी तपासणी किंवा उपचार झालेल्या बायका होत्या 8 टक्के. तोवर सरकारी योजनांत बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, या गोष्टी बाईने मुकाट सोसायच्या आणि सरकारने विचारायच्या नाहीत असा एक अलिखित करार होता. दवाखाना कितीही प्रेमाने चालवला तरी तो हा करार मोडू शकत नाही, कारण दवाखान्यात येईल त्याचीच सेवा होते. न आलेल्यांची मोजदाद करायला घरी जावं लागतं, आणि घरी जाऊन जे दिसेल ते छापावं लागतं. त्या 92 टक्क्यांनी जगाला हे ओझं पहिल्यांदा आकड्यात दाखवलं.

तिसरा निबंध सगळ्यांत धाडसी, आणि माझा वाद ज्यावरून आहे तोही हाच. न्यूमोनिया आटोक्यात आल्यावर उरलेल्या बालमृत्यूंत मोठा भाग जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातला होता. नवजात बाळावर उपचार म्हणजे काचेची पेटी, खास कक्ष, बालरोगतज्ज्ञ, अशी तेव्हाची समजूत. बंगांनी 39 गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या एकेक बाईला तयार केलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. औषध हाती देण्याआधी एक अख्खं वर्ष, 1995-96, या बायकांनी फक्त पाहिलं आणि लिहिलं: 763 बाळं, जन्मापासून 28 दिवस, घरातल्या घरात. या नोंदींतून जे चित्र उभं राहिलं ते तोवर कुठल्याही रुग्णालयाला दिसलं नव्हतं. जवळपास निम्म्या बाळांना गंभीर स्वरूपाचा काही ना काही त्रास झाला. डॉक्टरच्या नजरेखाली गेलेली बाळं 2.6 टक्के. रुग्णालयात दाखल झालेली 0.4 टक्के, म्हणजे 763 पैकी तीन. त्या वर्षी दगावलेल्या 40 बाळांपैकी 21 बाळांचं मुख्य कारण होतं जंतुसंसर्ग.

मग प्रश्न आला की बाळाच्या अंगात जंतू पसरले हे आरोग्यदूताने ओळखायचं कसं. रक्ततपासणी गावात होत नाही. इथे त्या वर्षभराच्या नोंदी कामाला आल्या. नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण होणं, नीट पिणाऱ्याने दूध सोडणं, बाळ लुळं पडणं, अंग गार किंवा तापलेलं लागणं, त्वचेवर किंवा बेंबीत पू, उलट्या किंवा पोट फुगणं, कण्हणं किंवा श्वासाबरोबर छाती आत ओढली जाणं: अशी सात लक्षणं. त्यांतली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की उपचार. ही लक्षणं आजीलाही ठाऊक होती. 'बाळ मलूल झालं' म्हणते ते हेच. संशोधनाने आजीच्या नजरेला सीमारेषा आखून दिली: इथवर वाट पाहा, इथून पुढे नको.

आणि उपचार कोणता? तोंडाने कोट्रायमॉक्साझोल आणि मांडीत जेंटामायसिनचं इंजेक्शन. सातवी शिकलेली बाई, खाटेवरचं दोन किलोचं बाळ आणि तिच्या हातात सुई. वैद्यकीय जगाच्या अंगावर काटा यावा असंच हे चित्र आहे. निकाल 1999 सालच्या निबंधात आहे. सुरुवातीला दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू कामाच्या गावांत 62 होते, तुलनेच्या 47 गावांत 58. तिसऱ्या वर्षी ते कामाच्या गावांत 25.5 वर आले, तुलनेच्या गावांत 59.6. या शेवटच्या आकड्याकडे जरा थांबून पाहावं. रस्ते, पाऊसपाणी, सरकारी योजना सगळं तेच असताना तिथे काहीच हललं नव्हतं. बदल काळाने घडवला नव्हता. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत दगावण्याचं प्रमाण उपचारांपूर्वी 16.6 टक्के होतं, उपचारांनंतर 2.8. खर्च दर बाळामागे 5.3 डॉलर.

आता आक्षेप. ते खरे आहेत, म्हणूनच ते नीट मांडले पाहिजेत.

पहिला आक्षेप पद्धतीचा. गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, एकाच जिल्ह्यातली होती, आणि पाठीशी बंगांसारखी माणसं होती. असं नेतृत्व नसेल तिथे काय? याचं उत्तर भक्तीतून येत नाही, दुसऱ्या प्रयोगांतून येतं, आणि तसे प्रयोग झाले. उत्तर प्रदेशात शिवगढला आणि बांगलादेशात सिल्हटला वेगवेगळ्या पथकांनी घरोघरच्या नवजात काळजीचे आपापले प्रयोग करून 2008 साली निकाल छापले: मृत्यूंत घट अनुक्रमे 54 आणि 34 टक्के. पाकिस्तानात सिंधमधल्या हाला इथे सरकारी आरोग्यसेविकांमार्फत झालेल्या प्रयोगात, 2011 साली छापल्याप्रमाणे, 15 टक्के. प्रत्येक ठिकाणचा मालमसाला वेगळा होता. शिवगढला तर प्रतिजैविकं नव्हतीच. पण दिशा एक होती, आणि उतरता क्रमही बोलका आहे. काम नेहमीच्या सरकारी यंत्रणेच्या जितकं जवळ गेलं, तितका गुण कमी आला. म्हणजे आक्षेपात तथ्य आहे. मात्र त्यातून 'बंगांनाच जमतं' असा अर्थ निघत नाही. देखरेख, औषधांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक मृत्यूची नोंद या गोष्टी वगळल्या की परिणामही वगळला जातो, एवढाच तो निघतो.

दुसरा आक्षेप प्रतिजैविकांचा. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांमधल्या नवजात बाळांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला, आणि अनेक औषधांना न जुमानणारे जंतू त्यात भयावह प्रमाणात आढळले. गावोगाव जेंटामायसिन पोचवून आपण तीच आपत्ती खेड्यात नेणार का? हा प्रश्न मला सगळ्यांत गंभीर वाटतो. मोठ्या रुग्णालयातले जंतू आणि झोपडीतले जंतू एक नसतात हे खरं. पण 1996 चे जंतू आणि आजचे जंतूही एक नसतात. सेवा आणि संशोधन यांतला फरक इथे पुन्हा दिसतो. सेवा वर्षानुवर्षं तशीच चालू ठेवता येते, तिचं व्रत होतं. संशोधनाच्या निष्कर्षाला मुदत असते. मुदत संपली की तो पुन्हा तपासायचा, औषध बदलायचं. ज्यांना खरोखर शंका आहे त्यांनी नव्या पाहणीची मागणी करावी. नुसता नकार देऊन त्या खेड्यात प्रतिजैविकं जायची थांबत नाहीत. पदवी नसलेला डॉक्टर सायकलवरून ती पोचवतोच, फक्त वजन न करता आणि नोंद न ठेवता.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे. शहरातल्या बाळाला तज्ज्ञ आणि आदिवासी बाळाला सातवी पास बाई, ही विषमतेवर मारलेली मोहोर नाही का? यात मी अर्धाच सहमत आहे. घरच्या उपचारांचं निमित्त करून सरकारने रुग्णालय बांधायचं टाळलं तर तो अन्यायच. पण त्या 2.6 टक्क्यांकडे पुन्हा पाहा. त्या बाळांपुढे तज्ज्ञ की आरोग्यदूत असा पर्याय नव्हताच. पर्याय होता आरोग्यदूत की अंगारा.

हे आक्षेप नवे नाहीत, आणि त्यांना उत्तर देणारे शोधनिबंधही नवे नाहीत. क्षयावर उपचार आरोग्यधामातच व्हायचे, असं पन्नाशीच्या दशकात मानलं जाई. 1956 साली मद्रासमध्ये वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली 193 रुग्णांचे दोन गट केले. एकाला आरोग्यधामात खाट, विश्रांती, चांगलं जेवण. दुसऱ्याला तीच औषधं, पण आपल्याच घरी, कोंदट खोलीत. 1959 साली निकाल आला: वर्षभराच्या उपचारांनंतर गुण जवळपास सारखाच. घरच्यांना लागण होण्याचा धोकाही वाढत नाही, हे पुढे दिसलं. लाखो क्षयरोग्यांचा घरी राहून बरं होण्याचा हक्क त्या प्रयोगातून आला. 1971 साली बनगावला, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा यांचं पाणी पिंपांत भरलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. 30 टक्क्यांच्या घरातले मृत्यू 3.6 टक्क्यांवर आले. तिथे तुलनेचा गट करायला सवड नव्हती. 1973 साली निबंध छापल्यावरही तज्ज्ञांचा संशय बरीच वर्षं रेंगाळला. आज जलसंजीवनीची पुडी प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळते.

मद्रास, बनगाव, गडचिरोली. तिन्ही ठिकाणी औषध आधीपासून ठाऊक होतं. नवं होतं ते कुणाच्या हातून आणि कुठे हे. आणि तिन्ही ठिकाणी ज्यांच्या हातातून काहीतरी निसटणार होतं, त्यांनाच आधी धोका दिसला. संसर्गजन्य रोगांच्या इतिहासात आपण जंतू शोधणारे आणि लस काढणारे लक्षात ठेवतो. औषधाला उंबरठा ओलांडायला लावणारे निबंध मात्र 'समाजकार्य' म्हणून बाजूला पडतात.

आता सरकारने यातून काय घेतलं ते पाहू. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' ही गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती आली. 2011 साली केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर लागू केला. आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप पाहायचा, धोक्याची खूण दिसली तर रुग्णालयात पाठवायचं. बाळामागे 250 रुपये. गडचिरोलीचा विजय म्हणून हे सांगितलं जातं, आणि मोठ्या प्रमाणात तो आहेही. पण मूळ निबंध उघडून शेजारी ठेवला की एक जागा रिकामी दिसते. सुई नाही. ज्या जंतुसंसर्गाने निम्म्याहून अधिक बाळं नेली, त्याच्यावरचं इंजेक्शन आशाच्या पिशवीत कधी आलंच नाही. 2014 साली केंद्राने जेंटामायसिनची परवानगी दिली ती नर्सबाईंना, तीही बाळाला पुढे पाठवणं शक्यच नसेल अशा वेळी. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही रुग्णालय गाठता येत नसेल तिथे अशा बाळांवर गावपातळीवर जेंटामायसिन आणि अमॉक्सिसिलिनने उपचार करण्याची शिफारस केली. पुरावा पुढे सरकत राहिला, आशाची पिशवी होती तशीच राहिली.

यावर रास्त कारणं असतील. बाळंतपणं रुग्णालयात वाढली आहेत, रुग्णवाहिका आली आहे, देशाचा नवजात मृत्युदर 2020 साली हजारामागे 20 पर्यंत उतरला आहे. लाखो आशांच्या हाती सुई देणं 39 आरोग्यदूतांच्या हाती देण्याइतकं सोपं नाही. ही कारणं मांडून, आकड्यांनिशी वाद घालून सुई नाकारली असती तर मला काही म्हणायचं नव्हतं. पण महाराष्ट्रात हा वाद चव्हाट्यावर झाल्याचं मला आठवत नाही. आपण गृहभेटीचा मायेचा भाग घेतला. सुई, देखरेख आणि मृत्यूंची नोंद हा कडू भाग अलगद बाजूला ठेवला. निबंध सेवेची गोष्ट म्हणून वाचला की नेमकं असंच होतं.

आणि एक शब्द पाहा. महाराष्ट्राच्या सरकारी कागदांवर आशाचं पूर्ण नाव आहे 'आशा स्वयंसेविका'. अंगणवाडीतली बाई 'सेविका'. पुन्हा तीच सेवा. स्वयंसेविका म्हटलं की पगार द्यावा लागत नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला भागतो. 2021 च्या जूनमध्ये, कोविडची दुसरी लाट ओसरत असताना, राज्यातल्या आशांनी संप केला तो याच शब्दाविरुद्ध होता असं मी मानतो. गडचिरोलीला येण्याआधी अभय बंग यांनी रोजगार हमीवरच्या मजुरांच्या किमान वेतनाचा अभ्यास केला होता. मजुराला किती उष्मांक लागतात याचा हिशेब मांडून सरकारी दर कुठे चुकतो ते त्यांनी दाखवलं. त्याच हिशेबी नजरेने आज आशाच्या 250 रुपयांकडे कुणी पाहावं.

हिशेब नकोसा वाटतो त्याचं कारणही उघड आहे. तो सत्तेला अडचणीत आणतो. 2001 साली महाराष्ट्रातल्या 13 संस्थांनी एकत्र येऊन बालमृत्यू मोजले आणि 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी नोंदवह्यांत जितकी मुलं मेलेली होती त्याहून कितीतरी जास्त मुलं प्रत्यक्षात मेली होती, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मूल मरतं ते दुःख आहे. मेलेलं मूल वहीत नसतं, तेव्हा त्याचा जाब विचारायलाही जागा उरत नाही. त्या अहवालावरून विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत गदारोळ उडाला. सेवेवरून असा गदारोळ कधी उडालेला नाही.

शेवटी पुन्हा त्या तुलनेच्या गावांकडे जातो. 1990 च्या निबंधातली 44 आणि 1999 च्या निबंधातली 47. कामाच्या गावांची नावं थोडी तरी कौतुकाने घेतली जातात, या गावांना मानपत्र नाही. पण त्यांच्यावाचून पुरावा उभाच राहत नाही. 17.5 आणि 59.6 हे आकडे तिथल्या मुलांचे आहेत. त्या वर्षांत तिथे जे नेहमी घडत होतं तेच घडलं; फरक इतकाच की या वेळी ते मोजलं गेलं. त्या मृत्यूंमधून आपल्याला एक ज्ञान मिळालं: ही मुलं वाचू शकली असती, इतक्या खर्चात, अशा हातांनी. ज्ञान असं मिळालं की ते देणं होऊन बसतं. जिथे जिथे आज एखादं बाळ मलूल होऊन दूध सोडतं आणि घरात वाट पाहिली जाते, तिथे ते देणं थकलेलं आहे. हे देणं बंग दांपत्याच्या गळ्यात हार घालून फिटत नाही. हार त्यांना आणि थकबाकी आपल्याला, हा हिशेब आपण गेली तीसेक वर्षं चालवत आलो आहोत.